रोगराईने न दाखवलेला आजार

कॉलेजात सकाळी जो आजार शिकवत, तो संध्याकाळपर्यंत मुलींच्या होस्टेलवरच्या कोपऱ्यातल्या खोलीत मुक्कामाला येई. त्याला घेऊन येणारी एकटी रोगराई. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ते हजेरीपुरतं. पहिल्याच वर्षी कुणीतरी तिला रोगराई म्हटलं आणि ते इतकं चपखल बसलं की पुढे तिची आईसुद्धा फोनवर "आमची रोगराई आहे का गं?" असं विचारायला लागली.

डॉक्टरकी शिकणाऱ्या सगळ्यांचंच थोडंफार असं होतं. लक्षणं पुस्तकात वाचायची आणि लगेच स्वतःच्या अंगावर चाचपून बघायची. बाकीच्यांना एखादा आजार होतो, दोन दिवस झोप उडते, मग लाजून विसरून जातात. रोगराईला मात्र एकही आजार चुकला नाही. हृदयाचा वॉर्ड सुरू झाला तेव्हा तिच्या हृदयाची झडप निकामी झाली. त्वचेच्या वेळी हनुवटीवर पांढरा डाग उठला, तो टूथपेस्टचा निघाला. नसांचे आजार शिकवले त्या दिवशी तिची डावी पापणी फडफडायला लागली आणि मेसच्या रांगेत हातात ताट घेऊन उभ्या उभ्या तिनं जाहीर केलं की आपले आता थोडेच महिने उरलेत, तेव्हा तिला कुणीतरी पुढे जाऊ द्यावं. जाऊ दिलं नाही कुणी. हसले मात्र सगळे.

तिची खोलीतली जोडीदारीण म्हणजे चौकशी. हेही नावच पडलेलं, आणि तेही उगाच नव्हे. प्रश्न विचारल्याशिवाय या मुलीला घास गिळत नसे. वॉर्डात पेशंटची माहिती घ्यायला बसली की इतरांचे तीन-तीन पेशंट उरकायचे आणि हिचा पहिलाच चाललेला असायचा. त्या एकाच्या मेव्हण्याची नोकरी कशी सुटली इथपर्यंत सगळी हकीकत तिला ठाऊक. सर वैतागून म्हणत, "बाई, पेशंटचा आजार विचार, खानदान नको." पण खानदान विचारल्यावरच कधी कधी आजार सापडायचा, त्यामुळे सरांचा वैताग फार टिकत नसे.

अशा दोघी एका खोलीत आल्यावर जे व्हायचं तेच झालं. संध्याकाळी रोगराई कोट खुंटीला अडकवायची, चौकशीच्या पलंगावर मांडी घालून बसायची आणि हात पुढे करायची. "बघ गं जरा. खरं सांग, मी मरणार नाही ना?" चौकशी हातातलं पुस्तक मिटायची. कधीपासून, कुठे, किती, कशानं वाढतं, कशानं कमी होतं, सगळं साग्रसंगीत विचारायची. नाडी बघायची, छाती ऐकायची, गुडघ्यावर रबरी हातोडी मारायची. मग स्टेथोस्कोप गळ्यातून काढून मोठ्या डॉक्टरांच्या थाटात निकाल द्यायची: "काही झालेलं नाही तुला. धडधाकट आहेस. चहा टाक." रोगराईच्या चेहऱ्यावर रंग परत यायचा. ती खरंच घाबरलेली असायची, थट्टा म्हणून नाही. ती किटली लावायची, बिस्किटांचा डबा काढायची, आणि दोघी हसत हसत त्या आजाराला निरोप द्यायच्या. त्या खोलीतल्या या दवाखान्याची ख्याती सगळ्या मजल्यावर होती.

मग मानसोपचाराची पाळी आली.

शिकवायला मॅडम होत्या. ठेंगण्या, केस बारीक कापलेले, चष्मा दोरीनं गळ्यात लटकवलेला. उगाच आवाज चढवायची सवय नाही, त्यामुळे मागच्या बाकांनाही कान टवकारावे लागत. त्या दिवशी डिप्रेशन शिकवायला घेतलं होतं. झोप, भूक, थकवा, कशातच मन न लागणं, असं एकेक त्या सांगत होत्या. तेवढ्यात मागच्या बाकावरचा लंबू म्हणाला, "मॅडम, रोगराईला विचारा. तिला झालंच असणार."

वर्ग हसला. रोगराई उठून उभी राहिली, छातीवर हात ठेवून नाटकातल्यासारखी वाकली आणि म्हणाली, "झालंय ना. कधीचंच."

मग काय विचारता! लंबूनं बाक बडवला. चौकशी तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मॅडमही हसल्या, हातानं "बस, बस" अशी खूण केली आणि फळ्याकडे वळल्या.

त्याच तासाला मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली. जीव देण्याचे विचार येतात का, हे पेशंटला विचारायला डॉक्टर घाबरतात. त्यांना वाटतं, आपण विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरवू. तसं होत नाही. विचार नसेल तर माणूस नाही म्हणतो. असेल तर कुणीतरी विचारलं म्हणून त्याला सुटल्यासारखं वाटतं. "आडून आडून विचारायचं नाही," मॅडम म्हणाल्या, "सरळ विचारायचं. कोण विचारून दाखवतंय?" प्रश्न म्हटल्यावर चौकशीचा हात वर गेलाच. तिनं समोर येऊन रिकाम्या खुर्चीकडे बघत खणखणीत आवाजात विचारलं, "तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" मॅडम म्हणाल्या, "शाब्बास." चौकशी जागेवर येऊन बसली तेव्हा शेजारी रोगराई वहीच्या कोपऱ्यात चौकोनात चौकोन काढत होती.

त्या संध्याकाळी चौकशी तयारीत होती. या आजारात ना नाडी बघायची ना हातोडी मारायची, मग तपासायचं तरी काय, याची तिला भारी उत्सुकता लागली होती. दोन-चार विनोदही तिनं जुळवून ठेवले होते. रोगराई आली. कोट अडकवला, हातपाय धुतले आणि स्वतःच्या टेबलाशी बसून पुस्तक उघडलं.

"काय गं, आज पेशंट नाही?" चौकशीनं विचारलं.

"आज बरं वाटतंय," रोगराई म्हणाली आणि पान उलटलं.

झालं. एखादीनं ते सोडून दिलं असतं. पण चौकशीच्या डोक्यात भुंगा शिरला. इतके आजार झाले, यातला एकही हिनं माझ्यापासून लपवला नाही. साधी पापणी फडफडली तर मेसभर बोभाटा केला. मग भर वर्गात "झालंय" म्हणून सांगितलेला आजार हिनं मला का दाखवला नाही? दुसऱ्या दिवशी तिनं वाट बघितली. तिसऱ्या दिवशीही. रोगराई रोज वेळेवर यायची, कोट अडकवायची, अभ्यासाला बसायची. चौकशीच्या पलंगाकडे वळायची नाही.

तेव्हा चौकशीनं तेच केलं जे तिला सगळ्यात चांगलं जमायचं. ती विचारत सुटली. मेसच्या मावशींना विचारलं, रोगराई जेवते का नीट? मावशी म्हणाल्या, "जेवते की! उलट पूर्वी ताटात टाकायची, आता मुकाट संपवते. तूच टाकतेस जास्त." लंबूला विचारलं. तो म्हणाला, "टकाटक आहे. परवा माझी केस तिनंच लिहून दिली." वॉर्डातल्या सरांकडेही काहीतरी निमित्त काढून गेली. सर म्हणाले, "तुझी मैत्रीण सुधारली बरं का. आता मधेच स्वतःची नाडी बघत बसत नाही." शेवटी तिनं रोगराईच्या आईला फोन लावला, तोही इकडतिकडचं बोलायला म्हणून.

काकू तर खुशीत होत्या. "अगं, फार शहाणी झालीये हल्ली. स्वतःहून फोन करते. माझ्याशी भांडत नाही, हट्ट नाही, काही नाही. परवा म्हणाली, आई, तू माझ्यासाठी खूप केलंस. मला तर रडूच आलं बघ. म्हटलं, आली बाई एकदाची अक्कल."

फोन ठेवल्यावर चौकशीनं जिन्यातच बसून पुस्तक उघडलं. पुस्तकात दिलेलं एकही लक्षण जुळत नव्हतं. पोरगी जेवत होती, वर्गाला येत होती, दुसऱ्यांच्या केसेस लिहून देत होती. मावशी खूश, सर खूश, आई खूश. जिच्यावर कुणी ना कुणी रोज करवादायचं, तिच्यावर एकाएकी सगळे कसे काय खूश झाले, हे काही केल्या चौकशीच्या गळी उतरेना.

आणि एवढी गावभर विचारपूस केली, तरी एका माणसाला तिनं काहीच विचारलं नव्हतं. ते माणूस तिच्यापासून हातभर अंतरावर झोपायचं. हे चौकशीच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. तिनं ते लक्षात येऊ दिलं नव्हतं. वर्गात खुर्चीला विचारलेला प्रश्न माणसाला विचारायचा म्हटलं की तिला दुसरंच काहीतरी काम आठवायचं. समजा काहीच नसलं तर? ती हसेल, मग मजलाभर हसेल. आणि समजा असलं तर? या दुसऱ्या 'तर'पुढे चौकशी जातच नव्हती.

शनिवारी सकाळी आंघोळ करून ती खोलीत आली तर उशीवर हातोडी ठेवलेली. गुडघ्यावर मारायची, रबरी टोकाची, दांड्यावर तिच्या नावाची चिकटपट्टी. ही हातोडी रोगराईनं केव्हातरी उसनी नेली होती आणि होस्टेलच्या रिवाजाप्रमाणे ती कधीच परत आली नव्हती. होस्टेलवर उसनं म्हणजे दिलं. चौकशीला स्वतःची हातोडी लागली की ती रोगराईच्या कोटाच्या खिशातून मागून घ्यायची.

"हे काय?" चौकशीनं विचारलं.

"तुझीच आहे ना." रोगराई आरशासमोर केस विंचरत होती. "राहूनच जात होतं द्यायचं."

"पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. प्रॅक्टिकलला काय लाटणं घेऊन जाणारेस?"

"लागणार नाही मला," रोगराई म्हणाली, कोट घेतला आणि गेली.

चौकशी ओल्या केसांनी पलंगावर बसली आणि उगाच स्वतःच्या गुडघ्यावर हातोडी मारत राहिली. पाय उडायचा, खाली यायचा. लागणार नाही म्हणजे? ही परीक्षेला बसणार नाही? की दुसरी घेतली? दुसरी घेतली असती तर दाखवली असती. नवं पेन घेतलं तरी दाखवणारी मुलगी. तिनं कोट चढवला, हातोडी खिशात टाकली आणि वॉर्डात गेली, पण डोकं हातोडीपाशीच राहिलं.

वॉर्डात तिच्या वाट्याला एक म्हातारे शिंपी आले होते. फुप्फुसाभोवती पाणी साठलेलं, ते सुईनं काढायचं होतं. काम साधंच, पण आजोबांनी सुई बघितली आणि चौकशीची बाही घट्ट धरली. "डॉक्टरीणबाई, खरं सांगा. मी मरणार नाही ना?"

चौकशी दचकली. वाक्य ओळखीचं होतं. शब्दन् शब्द ओळखीचा. आजोबांचा हात हातात घेऊन "नाही हो, काही होत नाही" म्हणताना तिच्या मनात भलतंच चाललं होतं. हे वाक्य आपण शेवटचं कधी ऐकलं? रोगराईच्या तोंडून? पोटाच्या वॉर्डात? नाही. त्याच्याही आधी. मानसोपचाराच्या आधी पोटाचा वॉर्ड झाला तेव्हाच तिला काही झालं नव्हतं, आणि आपल्याला वाटलं, चला, सुटलो.

त्या हसऱ्या वर्गातलं चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं. छातीवर हात, वाकलेली मान, "झालंय ना." सगळं नेहमीसारखं. फक्त एक गोष्ट नेहमीसारखी नव्हती. रोगराई घाबरलेली नव्हती. टूथपेस्टच्या डागाला मरणाएवढी घाबरणारी मुलगी या आजाराला घाबरली नव्हती. आणि ज्याला मरायची भीती उरलेली नाही...

आजोबांचं पाणी काढून होईपर्यंत ती कशीबशी थांबली. रोगराई त्या दिवशी वॉर्डात दिसलीच नव्हती; मग सरांना न सांगताच ती होस्टेलकडे निघाली. आयुष्यात पहिल्यांदा तिला उत्सुकता वाटत नव्हती. तिला भीती वाटत होती.

भर दुपार होती. होस्टेल रिकामं. खोलीचं दार नुसतं लोटलेलं. रोगराई पलंगावर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. इतक्या नीटनेटक्या घड्या त्या खोलीत कधी कुणी घातल्या नव्हत्या.

"तू कशी काय आलीस?" रोगराईनं विचारलं. "वॉर्ड सुटला?"

"नाही." चौकशी दारातच उभी. "जेवलीस?"

"हो."

"काय होतं जेवायला?"

"नेहमीचंच."

"बाहेर ऊन आहे नाही फार?"

रोगराईनं वर बघितलं. आता हसावं की काय, असं तिच्या चेहऱ्यावर आलं. जन्मात कधी जिला प्रश्नांचा तुटवडा पडला नाही ती पोरगी दारात उभी राहून उन्हाची चौकशी करत होती. चौकशीला स्वतःचाच राग आला. ती आत आली, दार लावलं आणि स्वतःच्या पलंगावर, रोगराई बसायची तशी मांडी घालून बसली.

"तुला एक विचारायचंय. तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?"

वर्गात निघाला होता तसा खणखणीत आवाज काही निघाला नाही. प्रश्न मात्र पुरा निघाला. रोगराईच्या हातात एक टॉवेल होता. तिनं त्याची घडी पुरी केली, कडा जुळवल्या, गठ्ठ्यावर ठेवला.

"हो," ती म्हणाली.

मग चौकशीच्या तोंडी रोज संध्याकाळी या पलंगावर जे यायचं तेच आलं: कधीपासून, किती, कशानं वाढतं. एकेक करून तिनं विचारलं आणि रोगराई एकेक करून सांगत गेली. पहिल्यांदा खाली बघून, मग तिच्याकडे बघून. बऱ्याच महिन्यांपासून. सकाळी सगळ्यात वाईट. बाहेरून कुणी हाक मारली की तेवढ्यापुरतं हसता येतं, दार लावलं की पुन्हा तेच. कसं आणि कधी, हेही तिनं ठरवलं होतं. चौकशीनं तेही सरळ विचारलं आणि तिनं तेही सांगितलं. ते इथे सांगायचं काही कारण नाही.

"इतके आजार माझ्याकडे घेऊन आलीस," चौकशी म्हणाली. "तो फालतू डागसुद्धा दाखवलास. मग हा का नाही दाखवलास गं?"

रोगराईनं थोडा विचार केला. खरंच शोधून उत्तर द्यावं तसा.

"दरवेळी मी यायचे ना, तेव्हा तू म्हणावंस म्हणून यायचे की काही झालेलं नाही तुला. ते ऐकलं की बरं वाटायचं. या वेळी मला भीती वाटली, की तू तेच म्हणशील."

चौकशी उठून रोगराईच्या पलंगावर जाऊन बसली, कपड्यांचा गठ्ठा बाजूला सरकवला आणि तिचा हात हातात घेतला. नाडी बघायला नव्हे, पण सवयीनं बोटं तिथेच गेली.

"झालंय तुला," ती म्हणाली. "खरंच झालंय. मोठा आजार आहे. आणि तो माझ्या आवाक्यातला नाही."

तेव्हा रोगराई रडली. असं रडणं चौकशीनं त्या खोलीत कधी ऐकलं नव्हतं, आणि त्या खोलीत परीक्षा, प्रेमभंग, घरची आठवण, सगळ्यांवर रडून झालेलं होतं.

जरा ओसरल्यावर रोगराईनं डोळे पुसले आणि म्हणाली, "कुणाला सांगणार नाहीस ना?"

"सांगणार."

"अगं, विश्वासानं सांगितलं मी तुला."

"म्हणूनच. शपथा-बिपथा घालू नकोस, मी पाळणार नाही. आत्ता, या मिनिटाला मॅडमकडे जायचंय. दोघींनी."

"सगळ्या कॉलेजात होईल. लंबूला कळेल. उद्या डॉक्टर झाले तर लोक म्हणतील, ही वेडी होती, हिच्याकडून औषध घ्यायचं?"

"म्हणू देत. आधी डॉक्टर तर हो."

बरीच वादावादी झाली. रोगराई चिडली, तिला वाट्टेल ते बोलली, तुझ्या या नसत्या चौकशांचा मला वीट आलाय म्हणाली. चौकशीला ते लागलं. तरी ऐकताना तिला आतून बरंही वाटलं, कारण किती दिवसांनी ही कुणाशी तरी भांडत होती. शेवटी रोगराई उठली, कपाट उघडलं आणि जे काढायचं होतं ते काढून चौकशीच्या हातात दिलं. चौकशीनं ते पिशवीत घातलं. तिनं मॅडमना फोन लावला तेव्हा रोगराईनं तिच्या कोटाची बाही धरली होती, सकाळी आजोबांनी धरली होती तशीच.

मॅडमनी उपदेश केला नाही. पिशवी टेबलाच्या खणात ठेवली, खणाला कुलूप लावलं, रोगराईला पाणी दिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं आलीस." मग चौकशीकडे वळून, "तू बाहेर बस."

चौकशी बाहेर बाकावर बसली. दार जाडजूड होतं, पण खाली चांगली फट होती. एरवी तिनं बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं कान लावायला कमी केलं नसतं. त्या दिवशी ती उठली आणि व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

बऱ्याच वेळानं मॅडम बाहेर आल्या. रोगराईच्या आईला बोलावलंय, ती येईपर्यंत मुलीला एकटीला सोडायचं नाही, उपचार शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दवाखान्यात करायचे म्हणजे वर्गातलं कुणी समोर येणार नाही, असं सगळं सांगितलं. मग चष्मा काढून दोरीला लटकू दिला. "त्या दिवशी ती म्हणाली, तेव्हा मीही हसले," त्या म्हणाल्या. "तुला माहितीये ना."

"मी तर सगळ्यात जास्त हसले, मॅडम."

"पण विचारलंस तूच," मॅडम म्हणाल्या आणि आत गेल्या.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं सांगायला मला आवडलं असतं. तसं होत नाही. काकू आल्या, लेकीला बघून आधी रागावल्या, मग तिला कुशीत घेऊन बसल्या, आणि चौकशीला म्हणाल्या, "मला वाटलं गं, शहाणी झाली." त्यांच्यानं पुढे बोलवेना. गोळ्या सुरू झाल्या. पहिल्यांदा तोंड कोरडं पडायचं आणि दिवसभर झोप यायची. आठवड्याला एकदा त्या लांबच्या दवाखान्यात जाऊन बोलायचं असायचं. परीक्षा हुकली, ती पुढच्या खेपेवर गेली. काही दिवस बरे जायचे, मग एखादा असा उगवायचा की रोगराई भिंतीकडे तोंड करून पडायची आणि चौकशी नुसती शेजारी बसून पुस्तक वाचायची. अशाच एका दिवशी ती म्हणाली, "का नेलंस मला?" चौकशीनं पान उलटलं आणि ती उठून गेली नाही. बोभाटा व्हायचा तो झालाच. लंबू एकदा होस्टेलच्या फाटकाशी येऊन उभा राहिला, स्वतःच्या गचाळ अक्षरातल्या नोट्स पुढे केल्या आणि माफी मागायची की विनोद करायचा हे न ठरल्यामुळे तसाच परत गेला. हातोडी चौकशीनं पुन्हा रोगराईच्या कोटाच्या खिशात नेऊन ठेवली होती. ती रोगराईनं परत दिली नाही, तेवढं चौकशीनं मनात नोंदवून ठेवलं.

मग केव्हातरी कान-नाक-घशाची पाळी आली. रोगराई आता वर्गाला येत होती, मधल्या बाकावर बसत होती. आवाज गेला, तोल जायला लागला, कानात घुंई घुंई वाजायला लागलं, तर त्याच्या मागे काय काय असू शकतं, असं सर सांगत होते. तास संपला. संध्याकाळी दोघी खोलीवर आल्या. चौकशी वाचत पडली.

रोगराईनं कोट खुंटीला अडकवला. थोडा वेळ ती खिडकीपाशी घुटमळली. मग आली, चौकशीच्या पलंगावर मांडी घालून बसली आणि कानावरचे केस मागे सारले.

"बघ गं जरा. परवापासून घुंई घुंई वाजतंय. सर म्हणाले ना, आत गाठ असली तर असंच होतं. एकाच कानात होतंय माझ्या, तेच वाईट असतं." तिचा चेहरा पांढरा पडला होता. "खरं सांग, मी मरणार नाही ना?"

चौकशीनं पुस्तक मिटलं. टॉर्च घेतला. कानाची पाळी धरली, उजेड आत सोडला आणि वाकून बघायला गेली, पण तिला काहीच दिसत नव्हतं. डोळ्यांतलं पाणी तिनं खांद्यानं पुसलं. पुन्हा आलं.

"काय दिसतंय?" रोगराई घाबरून म्हणाली. "रडतेस कशाला? एवढं वाईट आहे? किती दिवस आहेत माझ्याकडे?"

"खूप आहेत," चौकशी म्हणाली. "हलू नकोस. मळ साठलाय नुसता. चहा टाक."